पाचगणीहून केलेली तार

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही आठ दिवस पाचगणीला राहून आलात, त्यावर आमच्या वहीसाठी चार पानं लिहा. आपल्या गल्लीतली कोण बाई धंदा सोडून हवा खायला जाते? बाकीच्यांना उपयोग होईल." वही म्हणजे त्यांचं हस्तलिखित. दर दोन महिन्यांनी त्या ते आपल्या गोल अक्षरात काढतात आणि ते घरोघर फिरतं. मी मराठी दुसरी शिकलेली. माझ्या वेलांट्या त्या सुधारतील. बाकी काही सुधारू नका, असं त्यांना बजावलं आहे.

रस्ता, भाडं, खाणं सगळं सांगते. जिला जायचं असेल तिनं ते घ्यावं. त्यात माझ्या लाजेची एक गोष्ट आहे, तीही सांगते. ती गाळून नुसतं डोंगरांचं वर्णन लिहिलं तर गल्लीतल्या बाया माझ्या तोंडावर हसतील, आणि बरोबर करतील.

माझं सांगलीत मिरचीचं कांडप आहे. आठ उखळं, दहा-बारा बाया. नवरा गेला तेव्हा एका उखळावर सुरू केलं. एकवीस वर्षांत मी एक दिवस ते सोडलं नाही. लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली, पण मी कधी तिच्या घरी चार दिवस राहिले नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्यामागं कोण बघणार?" हे सांगताना मला लय अभिमान वाटायचा.

यंदा चैत्रात खोकला बसला तो हलेना. हात कापायला लागले. एक दिवस मी गोदाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, अंगावर चाळण फेकली. कारण काय, तर तिनं ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीच्या राशी शेजारी शेजारी घातल्या. चाळण लागली नाही. ती गोदानं उचलली, झटकली आणि पुन्हा चाळायला बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

वैद्यबुवांनी छाती ऐकली आणि म्हणाले, "आजी, मिरची छातीत कमी आहे, डोक्यात जास्त आहे. आठ दिवस थंड हवेत जा आणि गप पडून राहा."

"गप पडायचं औषध असतंय व्हय?" मी म्हटलं.

"तेच असतं. बाकीची औषधं मी माझ्या पोटासाठी देतो."

माझी धाकटी बहीण हौसा वाईला दिलेली आहे. तिचा जावई किसन पाचगणीला एका साहेबी शाळेत स्वयंपाकी आहे. हौसा नेमकी सांगलीत आलेली होती. तिनं माझं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "आक्का, आता न्हाई म्हनालीस तर मी मेल्यावरच ये माझ्या दारी." अशी निघाले मी.

निघायच्या सकाळी टांगा दारात उभा होता आणि मी गोदाला सूचना देत होते. मिरचीला चार उन्हं दिल्याशिवाय उखळात घालायची नाही. देठं खुडताना बाया बोलतात त्यांना बोलू द्यायचं नाही. लसूण आदल्या दिवशी सोलायचा. आणि काही झालं तरी गच्चीवरच्या मिरचीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. ओली मिरची बुरसते, आणि तेवढ्यानं सगळी चटणी जाते.

"आत्याबाई, गाडी चुकंल," गोदा म्हणाली.

ठकूबाई मुसळावर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "आवं आजी, तुमी गेल्यावर आमी काय मिरच्या पेरनार हाय व्हय?" बाया हसल्या.

ठकू माझी सगळ्यात जुनी बाई. ती आणि तिची सून चंद्रा माझ्याच घरामागच्या परड्यातल्या दोन खोल्यांत राहतात. चंद्राचा नवरा पलटणीत आहे. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात गेला तो लढाईवर. कुठल्या मुलखात आहे तेही धड कळत नाही, पत्रात ते लिहू देत नाहीत. जाताना त्यानं तिला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. एक टिचून वाढली की चंद्रा दुसऱ्या दिवशी कासाराकडून तशीच भरून घ्यायची. मुसळ उचललं की बांगड्या वाजायच्या, खाली आलं की पुन्हा वाजायच्या. डोळे मिटून सांगावं की हा चंद्राचा ठोका. मी तिला नेहमी म्हणायची, "चंद्रे, चार कमी घाल. काच चटणीत पडंल." ती ऐकायची नाही. त्या सकाळीही मी जाता जाता हेच म्हटलं. आठ दिवसांसाठी निघालेल्या बाईनं सुनेसारख्या पोरीला जाताना बोलायचं ते हे.

सांगलीहून मिरजेपर्यंत टांगा केला. मिरजेला पुण्याकडची गाडी मिळते. तिसऱ्या वर्गाला सातारा रोडपर्यंत दीड रुपयाच्या आसपास पडतं. बायांनी बायांच्या डब्यात बसावं आणि पाण्याचा तांब्या स्वतःचा न्यावा. ह्या दिवसांत गाडी कुठंही थांबते आणि का थांबली ते कुणी सांगत नाही. बरोबर भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा न्या, दशम्या नेल्या तर फारच बरं. वाटेत विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. साखरेचं रेशन असल्यापासून स्टेशनावरचा चहा म्हणजे कढत गुळवणी.

वाटेत प्रत्येक स्टेशनावर खाकीतला एक तरी गडी दिसायचा. रजेवर आलेला नाहीतर परत चाललेला. कऱ्हाडला एक म्हातारी लेकाला सोडायला आली होती. गाडी हलली तरी ती खिडकीचा गज सोडेना. शेवटी तिच्या लेकानंच तिची बोटं एकेक करून सोडवली. हौसानं डोळ्याला पदर लावला. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "हौसे, आज गच्चीवर पहिलं ऊन. गोदीनं पसरल्या असतील न्हवं मिरच्या?"

सातारा रोडला उतरल्यावर साताऱ्यापर्यंत आणि साताऱ्याहून वाईला सर्व्हिसच्या मोटारी आहेत. पेट्रोल लढाईला जातं, म्हणून मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालतात. मोटारीच्या पाठीमागं एक बंब बसवलेला असतो. त्याच्याजवळची जागा घेऊ नका, पाठ भाजते. साताऱ्याला तासभर मोकळा होता तेव्हा हौसानं कंदी पेढे घेतले. चार पेढे, आणि किंमत ऐकून मी दोन परत ठेवायला लावले. ते दोन तिनं मला दिले नाहीत, चांगलं केलं.

रात्रीचा मुक्काम वाईला हौसाच्या घरी. सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. हीच कृष्णा आमच्या सांगलीला येते. पण इथं ती अंगानं बारीक, लहान पोरीसारखी. घाटाच्या पायऱ्यांवर बाया धुणं धूत होत्या, तरी पाणी नितळ होतं. मी हौसाला म्हटलं, "आमच्यात येईस्तोवर हिला किती गावांची धुणी धुवायला लागत्यात बघ." हौसा म्हणाली, "आक्का, तू नदीलाबी कामालाच लावलीस."

वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट चढावा लागतो. सहा आणे भाडं. पहिल्या मोठ्या वळणावर मोटारीनं धाप टाकली आणि ड्रायव्हर म्हणाला, "उतरा मंडळी, थोडं चाला. आजी, तुमीबी उतरा."

"मग अर्धं भाडं परत दे."

"मोटारीला दम लागलाय, आजी."

"मलाबी लागलाय. आन मी पैसे दिलेत, तिनं न्हाई दिले."

अख्खी मोटार हसली, पण उतरावं लागलंच. ते बरं झालं. पायी चालताना खाली बघितलं तर वाईचं सगळं खोरं तळहातासारखं दिसत होतं. चालत्या मोटारीत मी डोळे मिटून बसले असते.

पाचगणीला किसनची खोली शाळेच्या स्वयंपाकघरामागं. जागा लहान पण स्वच्छ. हवा अशी की वैशाखात पांघरूण लागतं, बायांनी एक घोंगडी न्यावीच. बाजारात गाजरं चांगली आणि स्वस्त. एक लाल, दाणेदार, आंबटगोड फळ मिळतं, त्याला स्ट्रॉबेरी म्हणतात. दिसायला छान, पण पोट भरायला नाही.

आणि शांतता. ह्या शांततेसाठी मी एवढ्या लांब आले होते, पण मला तिचं काय करावं ते कळेना. झाडांखाली बाक होते. हौसा बाकावर बसली की पाच मिनिटांत घोरायला लागायची. मी बसले की माझ्या कानात मुसळं सुरू. आता देठं खुडत असतील. आता ठकू तंबाखूला उठली असेल. आता गोदानं लसूण करपवला असेल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी किसनच्या स्वयंपाकघरात घुसून त्याची मसाल्याची बरणी हुंगली आणि म्हटलं, "ह्यात निम्मा कोंडा हाय."

किसन बिचारा म्हणाला, "मावशी, साहेबाच्या पोरांना तिखट चालत न्हाई."

"म्हनून काय कोंडा घालायचा?"

हौसानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "आक्का, तू हवा खायला आलीयास का जावयाची नोकरी खायला?"

दुसऱ्या दिवशी टेबललँड बघितला. डोंगराच्या डोक्यावर एवढा मोठा सपाट माळ, जणू कुणी विळीनं कापला आहे. चढायला पाऊण तास लागतो. पायात वहाण घट्ट हवी, आणि जायचं सकाळीच. साहेबांच्या मडमा तिथं छत्र्या घेऊन नुसत्या चालत होत्या. कुठून कुठं नाही, नुसत्या चालत होत्या. बाकीची माणसं दऱ्या बघत होती, मी त्या माळाकडे बघून हिशेब घालत होते की इथं एका वेळी किती मिरची वाळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलं. काळंभोर, महाबळेश्वराच्या बाजूनं. वारा सुटला, गार थेंब दोन-चार पडले आणि थांबले. बाजारातली माणसं वर बघून आपल्या कामाला लागली. मी मात्र वरच बघत राहिले. गच्चीवर यंदाची सगळी संकेश्वरी पसरलेली. दुपारी बाया जेवायला खाली येतात. गोदाचं वर लक्ष असेल का?

हौसा म्हणाली, "आक्का, सांगली कुटं, हे कुटं! तिकडं ऊन असंल कडकडीत."

"आन नसंल तर?"

मी पोस्टात गेले. तार मास्तर चष्म्यातला, सभ्य माणूस होता. मी सांगितलं, तार करायची आहे, मिरच्या आत घ्या म्हणून. त्यानं लेखणी खाली ठेवली. "आजी, तेवढ्यासाठी तार कशाला? पत्र टाका. लढाईचे दिवस आहेत, तार बघितली की माणसं घाबरतात. तुमच्या घरातलं कोणी पलटणीत नाही ना?"

मी म्हटलं, "माझ्या घरातलं कोन न्हाई पलटनीत. तुमी तुमचं काम करा."

हे मी म्हटलं. माझ्या परड्यात राहणारी, माझ्या उखळावर राबणारी पोर माझ्या घरातली नाही, हे मला विचारही न करता तोंडात आलं.

मग त्यानं विचारलं, तार कुणाच्या नावानं? मी विचारलं, नाव घातलं की पैसे वाढतात का? तो म्हणाला, प्रत्येक शब्दाचे वाढतात. मग मी म्हटलं, नाव राहू दे, कांडप म्हणून पत्ता घाला, तारवाल्याला ठाऊक आहे. एका शब्दाचे पैसे वाचवले मी. पलटणीत भरती होताना चंद्राच्या नवऱ्यानं घरचा पत्ता म्हणून हेच लिहून दिलं होतं, कांडप. तो मीच त्याला सांगितला होता, कारण त्यांच्या खोल्यांना वेगळा पत्ताच नाही. मला सगळं माहीत होतं. त्या घटकेला त्यातलं काहीही आठवलं नाही. मिरची तेवढी आठवली.

तार गेली आणि माझ्या अंगातलं ओझं उतरलं. खोलीवर आले, भाकरी खाल्ली, घोंगडीवर आडवी झाले आणि झोपले. एकवीस वर्षांत दुपारी झोपले नव्हते, ती दिवेलागणीला उठले. हौसा म्हणाली, "आक्का, तू घोरत हुतीस." मला एवढं हलकं वाटलं की मी हसले. पुढचे चार दिवस मी पाचगणी खरी बघितली. बाकावर नुसती बसले. सिल्व्हर ओकची पानं वाऱ्यानं उलटतात आणि पांढरी दिसतात, ते बघत बसले. स्ट्रॉबेरी दोनदा घेतली. खोकला कमी झाला. किसनच्या शेजारणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "धंदा करनारीनं असं लांबनं बघावं. एक तार केली की झालं."

बायांनो, मला विसावा मिळाला तो त्या दुपारी. त्याच दुपारी माझ्या परड्यात काय चाललं होतं ते मला घरी आल्यावर कळलं.

परतीचा रस्ता तोच, म्हणून पुन्हा लिहीत नाही. घाट उतरताना मोटारीतून उतरून चालावं लागत नाही एवढंच. हौसा वाईलाच राहिली. मी मिरजेला उतरून टांगा केला आणि दुपारी तीनला दारात आले.

बाया कांडत होत्या. मी आले तरी कुणी "आल्या का आजी" म्हणालं नाही. मी गाठोडं उंबऱ्यावर टेकवलं आणि पहिलं काय विचारलं? "मिरच्या आत घेतल्या हुत्या न्हवं?"

आठही मुसळं थांबली. ठकूनं माझ्याकडे पाठ केली. मग चंद्रा म्हणाली, "घेतल्या, आजी." आणि तिनं मुसळ उचललं. ते खाली आलं आणि नुसतं धप्प वाजलं. वर गेलं तरी आवाज नाही. मी तिच्या हाताकडे बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत एक काकण नव्हतं. मनगटावर काळ्या खपल्या होत्या.

मला वाटलं, झालं, पोरीचा नवरा गेला. पण तिच्या कपाळाला कुंकू होतं. मला काही उमजेना. गोदानं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं आणि दाराशी बसून सांगितलं. आवाज चढवला नाही.

"तारवाला सायकलवरनं आला. दारातनंच वरडला, कांडपाची तार हाय म्हनून. मी आत लसूण सोलत हुते. ठकूबाईनं इचारलं, कुनाच्या नावाची? त्यो म्हनाला, नाव न्हाई, कांडप एवढंच हाय. आत्याबाई, हितं तार दुसऱ्या कुनाची येनार? मी बाहीर यीपर्यंत ठकूबाईनं मुसळ टाकलं हुतं. तिनं चंद्राचे दोनी हात धरले आन उखळाच्या काठावर आपटले. एकदा न्हाई. मी धरायला गेले तर मलाबी ढकललं. लेकाचं नाव घेऊन वरडत हुती. समद्या बाया रडाय लागल्या. गल्ली गोळा झाली."

"आन तार?"

"तार विंग्रजीत. मास्तरीणबाई देवळात गेलेल्या. त्या येईस्तोवर घंटाभर गेला. त्यांनी वाचली. मिरच्या आत घ्या, आजी. दोनदा वाचली. कुनाला पटंना, म्हनून तिसऱ्यांदा."

"मग?"

"कोनतरी हसलं. मग कोनच हसलं न्हाई. वर तर ऊन हुतं रखरखीत. पन तुमची तार आलीया म्हनल्यावर काय करनार? चंद्राच उठली. गच्चीवर गेली आन बुट्ट्या भरभरून मिरची आत आनली. हातातनं रगत वाहत हुतं. मी नगं म्हनलं, मिरची झोंबंल. ती म्हनाली, झोंबू द्या, वहिनी."

कांडपात काम करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. नखाशेजारी एवढासा चिरा असला तर आम्ही त्या हाताला मिरची लावत नाही. डोळ्यापुढं अंधारी येते. त्या पोरीनं दोन्ही मनगटं फाटलेली असताना माझी अख्खी रास आत आणली. त्या वेळी मी पाचगणीला घोंगडीवर घोरत होते.

तसं आमच्यात काकणं वाढवायचा दिवस वेगळा असतो, आधी अस्थी, मग दहावं. पण तार म्हटल्यावर माणसाला दिवस-वार राहत नाही. नवरा जिता असताना सवाष्णीची काकणं तो गेला असं म्हणून वाढवली की त्याचं आयुष्य तुटतं, असं बाया मानतात. मी मानते की नाही ते मला विचारू नका. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की मी आधी त्याच्या हाताकडे बघते.

मी उठले आणि ठकूसमोर गेले. सगळ्या बायांच्या देखत म्हटलं, "ठकू, माझं चुकलं." हे शब्द माझ्या तोंडातून याआधी कधी गेले असतील असं आठवत नाही. ठकूनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुमचं काय, आजी. हात माझे हुते."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहिले असते. ह्याच्यापुढं उभं राहता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोदाकरवी चंद्राला निरोप दिला, कासाराला बोलावते, पाहिजेत तेवढ्या भरून घे. निरोप गोदाकरवी अशासाठी की मी विधवा. काकणांचं बोलणं मी तिच्याशी करणंही बरं नव्हे, आणि आता तर नव्हेच. चंद्रा स्वतः आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पत्र आल्याबिगर न्हाई भरनार. काय खरं, काय खोटं मला कळंना झालंय. दोनदा वाढवायची ताकद न्हाई माझ्यात."

मग तीन आठवडे ती माझ्यापुढं बोडक्या हातांनी कांडत राहिली. बाकीच्या उखळांवर काकणं वाजायची, तिच्यावर नाही. मी त्या दिवसांत कुणाला एक सूचना दिली नाही. शहाणपण आलं म्हणून नव्हे. तोंड उघडलं की मिरचीचं काहीतरी बाहेर पडेल ह्याची भीती वाटायची. गोदानं दोन्ही मिरच्यांच्या राशी पुन्हा शेजारी शेजारी घातल्या. मी बघितल्या. त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. आधीही मिसळल्या नसाव्यात.

परवा पत्र आलं. पोस्टमन दारात दिसला आणि आठही मुसळं थांबली. त्यानं लांबूनच पत्र हलवून दाखवलं, तार नव्हे असं कळावं म्हणून. मास्तरीणबाईंना घरातून बोलावून आणलं. पत्र नवऱ्याचंच होतं, पलटणीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, आणि तारेनंतर आठ दिवसांनी लिहिलेलं. तो बरा होता. दाढ दुखत होती ती काढली. तिथल्या जेवणाला चव नाही, आजींना सांगून डबाभर चटणी पाठवता आली तर बघ, असं होतं. 'आजींना सांगून' हे मास्तरीणबाईंनी वाचलं तेव्हा मी खांबाकडे तोंड केलं.

ठकू कासाराला हाक मारा म्हणून ओरडायला लागली. कासार आला, पेटी उघडली. माझ्या जिभेवर आलं होतं, हिरव्याच भर, त्या निळ्या टिकत नाहीत. ते मी गिळलं आणि वहाणा घालून निघाले. कुणाला काही सांगितलं नाही. कुठं जाते, कधी येते, उखळ कुणी बघायचं, काही नाही.

कृष्णेच्या घाटावर जाऊन पायरीवर बसले. सरत्या वैशाखातलं पाणी, पायऱ्या सोडून खाली गेलेलं. वाईला पाहिली होती तीच ही, मळकी, दमलेली. समोरच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. तासभर बसले असेन. मला कांडपाची आठवण येत होती, पण उठावंसं वाटत नव्हतं. मी नव्हते तरी तिथलं काही अडणार नव्हतं. मी असते तर मात्र अडलं असतं. हे कळायला पाचगणीचा खर्च करायची गरज नव्हती.

तेव्हा ज्या बाईचा स्वतःचा धंदा आहे आणि जिला वैद्यानं हवा बदलायला सांगितली आहे तिनं जरूर जावं. पाचगणी चांगली आहे. घोंगडी न्या, मोटारीतल्या बंबापासून लांब बसा, टेबललँड सकाळी चढा. जाताना कामावरच्या बाईला काही टाकून बोलू नका. आणि तिथून तार करू नका. मी माझ्या लेकीलाही बजावलं आहे, की मी मेले तरी माझी तार ह्या परड्यात येता कामा नये. पत्र टाका. चार दिवसांनी कळलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

घाटावरून परत निघाले तेव्हा आभाळ खरंच आलं होतं, सांगलीवर, मिरजेच्या बाजूनं. गच्चीवर नवी मिरची होती. मी भराभर पाय उचलला नाही, सावकाश आले. गल्लीच्या तोंडाशीच मुसळांचा आवाज ऐकू आला. त्यात एक ठोका काकणांचा होता, वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा.

दारात आले. चंद्रानं मुसळ थांबवलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मिरची आत घेतलीया, आजी."

बाया हसल्या का, ती हसली का, मला सांगता येणार नाही. मी खाली बघत आत गेले.